अंगणातला हिरडा

मुलांनो, उर्दूत ज्याला तुम्ही हड म्हणता आणि हकीम हलीला म्हणतात, तोच मराठीतला हिरडा. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो. युनानी औषधांतले 'इत्रिफल' हे नाव त्यावरूनच आले.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरात महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळे पाडून वेचतात. उन्हात वाळून ती काळी पडली, की झाला बाळहिरडा! तो विकून पावसाळ्याआधी घरात चार पैसे येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथली कितीतरी झाडे उन्मळून पडली. भाताचे पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. हिरड्याचे तसे नाही. रोपाला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात.

तुमच्या अंगणात जागा असेल, तर एक हिरडा लावाच. पिकलेल्या फळाचा गर काढा. बीचे टोक किंचित छाटून बी पाण्यात भिजवा. कवच फार टणक असते, म्हणून छाटण्याचे काम मोठ्यांकडून करवून घ्या. पिशवीत रोप तयार करून ते पावसाळ्यात लावा, पण भिंतीपासून लांब. शेळ्यांपासून जपा. सुरुवातीला रोप फार हळू वाढते. मुळे धरली का, हे उपटून पाहू नका!