उंदरांचा उपद्रव : उपाय साऱ्या गावाचा

अमरावती-अकोला भागात ज्वारी, तूर, हरभरा घरात येऊन पडला की उंदरांचाही मुक्काम तेथेच पडतो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. त्यामुळे चार-दोन उंदीर मारून भागत नाही. प्रथम त्यांचे अन्न व वाट तोडावी. धान्य पत्र्याच्या कोठीत भरावे, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीत, बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटने बुजवावीत.

उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. म्हणून पिंजरा दोन-तीन दिवस उघडा ठेवून आमिष खाऊ द्यावे व मगच लावावा. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ते घरात वापरू नये.

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले, हे विसरता कामा नये. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. उंदीर आपोआप मरून पडू लागल्यास त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. अशा वेळी आधी पिसवांचा नाश, मग उंदरांचा, हाच क्रम होय.

एका घरातून हाकललेला उंदीर शेजारी शिरतो. म्हणून ग्रामपंचायतीने दिवस ठरवून सर्व घरांत एकाच वेळी मोहीम घ्यावी. शिक्षकांनी तिची माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोचवावी.