बांधकामाच्या मालाचे वजन आणि ट्रॉलीची ताकद

सुगी आटोपली की गोठा, कांदाचाळ, विहिरीचे बांधकाम अशी कामे निघतात आणि घरचीच ट्रॉली माल आणायला जुंपली जाते. वर्षभर या ट्रॉलीने कडबा, भुसा, शेणखत वाहिलेले असते. कडबा फाळक्याच्या वर पुरुषभर रचला तरी वजन फार होत नाही. त्यामुळे हौदा काठोकाठ भरल्याशिवाय खेप पुरी झाली असे नजरेला वाटतच नाही. वाळू व खडीच्या बाबतीत हीच सवय घातक ठरते.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास कोरडी वाळू साधारण साडेचार टन, म्हणजे ४५ क्विंटल भरते. खडी त्याच्या आसपास, तर ओली वाळू व ओला मुरूम पाच टनांच्या पुढे जातो. आता १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच हौद्याचा हिशेब करू. १० × ६ × २ म्हणजे १२० घनफूट, अर्थात १.२ ब्रास. काठोकाठ कोरडी वाळू भरली तर ५.४ टन! ट्रॉली तीन टनांची असेल तर हे जवळजवळ दुप्पट ओझे झाले. तीन टनांना ६७ घनफूट वाळू पुरते. या हौद्यात ती जेमतेम १३ इंच चढते. तेवढ्या उंचीवर आतून रंगाची रेघ मारून ठेवावी, म्हणजे भरणाऱ्या मजुरालाही सांगावे लागत नाही.

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो व जादा वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर जोडदांडा वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. पुढे जास्त झाला तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. म्हणून विटा व सिमेंट आसाच्या दोन्ही बाजूंना सारखे रचावे. लांब सळया मागे लोंबत्या ठेवू नयेत.

इतर मालाचा हिशेब सोपा आहे. सिमेंटच्या ५० किलोच्या २० गोण्यांचा एक टन होतो. हजार विटांचे वजन सुमारे तीन टन धरावे. भिजलेल्या विटा आणखी जड असतात. सळईसाठी मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मि.मी. सळईचे १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. १२ मीटरचा एक गज पावणेअकरा किलोच्या जवळपास भरला पाहिजे. दुकानदाराचे बिल यावरून घरीच तपासता येते.

वाळू ब्रासने घेताना मात्र फसगत होऊ शकते. किंचित ओलसर वाळू फुगते. एका सरळ डब्यात ती न दाबता भरून उंची मोजावी. वाळू बाहेर काढून डबा निम्मा पाण्याने भरावा, तीच वाळू थोडी थोडी परत टाकून सळईने ढवळावी व बसल्यावर पुन्हा मोजावे. १५ सें.मी.ची १२ सें.मी. झाली, तर ब्रासच्या पैशांत ८० घनफूटच वाळू पदरात पडली असे समजावे. दर ठरवण्याआधीच हे करून पाहिलेले बरे.

भाड्याचा ट्रक असेल तर नोंदणी पुस्तकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे; तेवढाच माल भरता येतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भाराला वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. गाडी वजनकाट्यावर रिकामी व भरलेली अशी दोनदा तोलून घ्यावी आणि दोन्ही पावत्या बिलाला टाचून ठेवाव्यात.