आधी निदान, मग पाणी

बालरोगतज्ज्ञाने कुंड्यांतील झाडांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु दवाखान्याच्या अनियमित वेळा सांभाळून इंदूरच्या गच्चीवर जी झाडे जगतात, त्यांत मांसल वनस्पतींचा, म्हणजेच सक्युलंट्सचा, क्रमांक बराच वरचा आहे. जेड, हावर्थिया, एचेव्हेरिया आणि आपली परिचित कोरफड व पानफुटी ही याच प्रकारातील. या वनस्पती पानांत किंवा खोडांत पाणी साठवतात. त्यांतील अनेक दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवतात, रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि सूर्य उगवल्यावर वापरतात. त्यामुळे बाष्पीभवनाने होणारा पाण्याचा व्यय पुष्कळ कमी होतो.

आरंभी माझ्या हातून एक चूक घडली. जेडची पाने सुरकुतलेली दिसली. बाळाच्या पोटावरील त्वचेची चिमटी घेऊन शुष्कता ओळखण्याची सवय असल्याने मी तत्काळ पाणी दिले. सुरकुत्या वाढल्या, म्हणून आणखी दिले. अखेर कुंडी उपडी केली, तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली आढळली. मुळेच नष्ट झाल्यावर पाणी पानांपर्यंत पोचणार कसे? लक्षण एकच, कारणे मात्र परस्परविरुद्ध. रुग्ण न तपासता औषध दिल्याचा तो परिणाम होता.

तेव्हापासून मी पाण्यापूर्वी मातीत दोन इंच बोट घालून पाहतो. पाने सुरकुतलेली आणि माती कोरडी असेल, तर तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. माती ओली असून पाने पिवळसर, पारदर्शक व लिबलिबीत झाली असतील, तर पाणी बंद करावे. रोप उपटून कुजलेला भाग स्वच्छ सुरीने कापावा, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मगच कोरड्या मिश्रणात लावावे.

माळव्याची काळी माती शेतीसाठी उत्तम. परंतु ती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत एकटी वापरू नये. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि दोन भाग जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे हे मिश्रण मला मानवले. कुंडी मातीची आणि तळाला छिद्र असलेली असावी. पावसाळ्यात कुंड्या छज्जाखाली सरकवाव्यात. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरते.

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी. पहिली, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढे पाणी पुरते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीतही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली केवळ रिकामी न करता घासून घ्यावी. शक्य असल्यास ठेवूच नये.

दुसरी गोष्ट, घरात लहान मूल असल्यास शेर आणि काटेरी युफोर्बिया लावू नयेत. त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळास गंभीर इजा होऊ शकते. तसे झाल्यास डोळा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पानफुटी व तिच्या कुळातील कलांचो यांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्यांची पाने वा फुले मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि पानफुटीचा रस घरगुती औषध म्हणून मुलांना कधीही पाजू नये. हावर्थिया आणि एचेव्हेरिया त्या मानाने निर्धोक आहेत. नव्याने आरंभ करणाऱ्यांनी त्यांपासूनच करावा.

या झाडांना आपला वेळ फारसा लागत नाही. लागते ते हात आवरण्याचे भान, आणि ते आपल्या व्यवसायातही उपयोगी पडते.