चित्रपटाचे शिक्षण : सटाण्याहून पुण्यापर्यंत

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा आरम नदीच्या काठी वसले आहे. कांदा, द्राक्षे आणि डाळिंबे यांची बाजारपेठ व देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा यांमुळे ते जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. अशा गावातील एखाद्या पदवीधराने चित्रपटाचे शिक्षण घेण्याची इच्छा बोलून दाखविली तर घरातून दोन प्रश्न हमखास निघतात. हे काय शिकण्याचे असते? आणि तेथे आपल्याला कोण घेणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रवेशाच्या नियमांत आहे आणि ते वेळीच ठाऊक नसल्याने होतकरू मुलांची संधी हुकते.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांच्या चरित्रात अचानक सुचलेल्या कल्पनेपेक्षा शिक्षणाचा भाग मोठा आहे. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही अभ्यासिले. छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, मुद्रणाचे तंत्र आत्मसात केले आणि त्यासाठी जर्मनीचा प्रवासही केला. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपली वाट निश्चित झाल्यावर, १९१२ साली ते लंडनला गेले. तेथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी कामाची पद्धत प्रत्यक्ष पाहिली आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परतले. परतल्यावर पहिला प्रयोग केला तो वाटाण्याच्या दाण्याचा. कुंडीतील दाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत ठरावीक अंतराने चित्रे घेऊन त्यांनी छोटा चित्रपट तयार केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला. चित्रपट कसे तयार होतात हे समजावून सांगणारा एक लघुपटही त्यांनी काढला. देशातील चित्रपट-शिक्षणाचा पहिला धडा म्हणून त्याचा उल्लेख करण्यास हरकत नसावी.

कारखान्यातून शाळेकडे

फाळक्यांच्या नंतरची पिढी कारखान्यातच शिकली. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल यांनी पडेल ते काम केले आणि त्यातूनच १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. मात्र उमेदवारीच्या या पद्धतीत गुरूच्या कृपेवर आणि ओळखीवर बरेच अवलंबून असे. खेड्यातील मुलाला कारखान्याचे दार उघडणे सोपे नव्हते. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. १९६० साली प्रभातच्याच आवारात केंद्र सरकारने चित्रपट संस्था सुरू केली. १९७४ पासून तिला दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली आणि भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था हे नाव रूढ झाले. कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ मधील आहे. ओळखीच्या जागी परीक्षा आली, हा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या बदलाचा मोठा लाभ होय.

प्रवेशाच्या अटी

पुण्याच्या संस्थेतील दिग्दर्शन व पटकथालेखन, छायालेखन, संकलन आणि ध्वनिमुद्रण हे चित्रपट विभागातील प्रमुख अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत. त्यांना पदवी आवश्यक आहे, मग ती कोणत्याही शाखेची असो. बारावीनंतर लगेच अर्ज करू पाहणाऱ्यांची येथेच निराशा होते. ध्वनिमुद्रणासाठी मात्र बारावीला पदार्थविज्ञान हा विषय असावा लागतो. म्हणजे आवाजाची आवड असलेल्या विद्यार्थ्याचा हा निर्णय अकरावीला शाखा निवडतानाच होऊन जातो आणि त्या वेळी त्याला हे सांगणारा बहुधा कोणी नसतो. कला-दिग्दर्शनासाठी चित्रकला, उपयोजित कला, वास्तुशास्त्र यांसारख्या विषयांची पदवी लागते. प्रत्येक अभ्यासक्रमाला जागा दहा-बाराच्या आसपास असतात. अटी व शुल्क त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच पाहावेत. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

निवड दोन टप्प्यांत होते. लेखी परीक्षेत सामान्य ज्ञान, साहित्य, कला व चित्रपट यांवरील प्रश्नांबरोबर निरीक्षण व कल्पनाशक्ती यांची कसोटी पाहणारे लेखन असते. त्यातून निवडलेल्यांची पुढे प्रत्यक्ष चाचणी व मुलाखत होते. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला ही अडचण खरी आहे. पण ती दोन वर्षांच्या नियमित वाचनाने व लेखनाने दूर होऊ शकते, दोन महिन्यांच्या महागड्या शिकवणीने नव्हे.

तयारीला साहित्य गावातच आहे. यात्रेतील रथ, कांद्याचा लिलाव, साल्हेरच्या पायथ्याची वस्ती यांपैकी एखादा विषय घेऊन विद्यार्थ्याने दहा-बारा छायाचित्रांत तो सांगून पाहावा. त्या चित्रांचा क्रम बदलला की अर्थ कसा बदलतो हे पाहावे, कारण संकलनाचे मूळ तेच आहे. डोळे मिटून बाजारात पाच मिनिटे उभे राहावे आणि ऐकू आलेले आवाज लिहून काढावेत. देवमामलेदारांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना गरिबांसाठी खुला केला, ही कथा तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. तीच कथा संवाद न वापरता केवळ दृश्यांत लिहिणे हा उत्तम सराव ठरेल. शाळेतील मराठीच्या व चित्रकलेच्या शिक्षकांना असे उपक्रम खर्चाविना घेता येतील.

उत्साहाची उणीव या भागात कधीच नव्हती. शेजारच्या मालेगावात शेख नासीर या व्हिडिओ-पार्लर चालविणाऱ्या तरुणाने २००० च्या सुमारास हौशी मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' तयार केला. त्या मंडळींवर माहितीपट निघाला आणि २०२४ मध्ये हिंदी चित्रपटही आला. अंगच्या गुणांना शिक्षणाची जोड मिळाली तर काय घडते, हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या उदाहरणावरून दिसते. मराठीत एम. ए. केल्यानंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचा अभ्यास केला. तेथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' व 'सैराट' त्यानंतरचे. पुण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही म्हणून वाट संपली असे समजू नये, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

दाखल्यांची बाब

ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधणे जरूर आहे. बागलाणच्या पश्चिम भागात आदिवासी वस्ती मोठी आहे. पुणे व कोलकाता येथील संस्था केंद्र सरकारच्या असल्याने तेथील राखीव जागांना केंद्राचे नियम लागू होतात. इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला द्यावा लागतो. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही आणि भटक्या-विमुक्तांसाठीचा राज्यातील स्वतंत्र प्रवर्ग तेथे नाही. त्यामुळे अशा विद्यार्थ्याने आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत मोडते हे आधी पाहून घ्यावे. राज्याच्या नमुन्यातील दाखला घेऊन पुण्यास गेलेल्या मुलाला केवळ कागदासाठी सटाण्यास परतावे लागले तर मुलाखतीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच असा अर्ज तहसील कार्यालयात दाखल करावा आणि त्यावर 'केंद्र सरकारच्या संस्थेतील प्रवेशासाठी' असे स्पष्ट लिहावे.