शाळेची परसबाग : अवघड जमिनीत भाजीचे बी रुजविणे

शाळेच्या आवारात पेरलेले बी उगवले नाही, की ‘आपल्या मातीत काही येत नाही’ असा समज विद्यार्थी मनाशी बांधतो. शेतकऱ्याच्या मुलाने असा समज घेऊन घरी जाणे ही मोठी हानी होय. म्हणून बी का उगवले नाही, याचा शोध हाच परसबागेचा पहिला पाठ ठरावा.

प्रथम बियांची परीक्षा घ्यावी. मेथीच्या किंवा मुळ्याच्या १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात व फडके सुकू देऊ नये. तीन-चार दिवसांत सात-आठ बियांना मोड आले, तर बी चांगले आहे. मग दोष जमिनीत शोधावा.

कराड, वाळवा, मिरज या भागांतील कृष्णाकाठची काळी जमीन ओली असता चिकटते आणि सुकताच वर कठीण खपली धरते. कोवळ्या अंकुरास ती फोडता येत नाही. अशी जमीन वाफशावरच खणावी. मातीचा गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला असता फुटला, तर वाफसा आला असे समजावे. कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल ओळीत पेरावे, चाळलेले खत व वाळू यांच्या मिश्रणाने झाकावे आणि झारीने पाणी द्यावे.

अतिपाण्याने खारवटलेल्या जमिनीत पाण्याबरोबर क्षार वर चढतात व सरीच्या माथ्यावर साठतात. म्हणून बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेस टोकावे आणि कडेने निचऱ्याचा चर काढावा. पालक व बीट क्षार बरेच सोसतात, घेवडा सोसत नाही. जिप्सम मात्र माती-परीक्षणानंतरच वापरावे, कारण त्याचा उपयोग चोपण जमिनीत होतो.

माण, खटाव, जत, आटपाडी येथील मुरमाड माळावर उलट स्थिती असते. तेथे पाणी टिकत नाही. गादीवाफा तेथे लवकर सुकतो, म्हणून वाफे जमिनीपेक्षा थोडे खोल करावेत, शेणखत भरपूर घालावे व पेरणीनंतर पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन द्यावे. अंकुर दिसताच ते बाजूस सारावे.

श्रम व शिक्षण यांची सांगड या भागास नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, व ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तिने रुजविले.

वर्गाने एकाच वाफ्यात दोन ओळी पेराव्यात : एक मातीने झाकलेली, दुसरी खत-वाळूने. दोहोंत समान बिया मोजून टाकाव्यात. पेरणीची तारीख, पेरलेल्या बिया व उगवलेली रोपे यांची नोंद विद्यार्थ्यांकडून फळ्यावर रोज करवून घ्यावी. दोन ओळींतील फरक मुले स्वतः मोजतील, तेव्हा जमीन वांझ नसून तिची रीत वेगळी आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही. त्या वाफ्यातील पालक शाळेच्या मध्यान्ह भोजनात शिजला, म्हणजे पाठ पूर्ण झाला.