त्रेपन्नावं पोतं

आमचं घर कळमना मार्केटपासून पायी दहा मिनिटांवर. बाबा यार्डात मापाडी होते, मी एका कॉलेजात गणित शिकवते. पीएच.डी.साठी लॅटिस थिअरी घेतली तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, "जाळीचं काहीतरी गणित हाय." तेव्हापासून न सुटलेल्या प्रश्नांच्या संगतीत बरीच वर्षं गेली. हाती जे लागलं ते लिहिते. क्रमांक टाकलेत ते मास्तरकीच्या सवयीने, त्यात फार अर्थ शोधू नये.

१. भारी कोण, याला दर वेळी उत्तर असतंच असं नाही.

मिरचीची आवक सुरू झाली की यार्डात पाय टाकताच ठसका लागतो. शाळेत असताना मी बाबांचा डबा घेऊन जायचे. एकदा दोन ढीग शेजारी शेजारी पडलेले. एक लालभडक, पण तिखटाला बेताचा. दुसरा फिक्का, पण टोक जिभेला लावलं तर डोळ्यांतून धार. यातला भारी कोणता, म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, "कायच्यासाठी पायजे, त्याच्यावर हाय."

लॅटिसची पहिली पायरी हीच. रंग, तिखटपणा आणि वाळलेपण, तिन्हींचं फक्त हो किंवा नाही धरलं तर मिरचीचे आठ प्रकार होतात. जो कशातच कमी नाही आणि कशात तरी जास्त आहे, तो भारी. मग नुसती लाल आणि नुसती तिखट यांची तुलनाच होत नाही. पण दोघींनाही मागे टाकणाऱ्या प्रकारांत सगळ्यांत हलका एक सापडतो: लाल आणि तिखट. तसाच दोघींच्याही खालच्यांत सगळ्यांत भारी एक सापडतो. कुठलेही दोन उचला, वर असा एक आणि खाली असा एक मिळणारच, अशी जी मांडणी तिला लॅटिस म्हणतात. आठ ठिपके काढून रेघांनी जोडले तर कागदावर ठोकळा दिसतो. हा ठोकळा पुढे माझ्या मुळावर आला.

२. प्रश्न दोन वाक्यांत मावला म्हणून हुरळून जाऊ नये.

एक वही घ्या. प्रत्येक पानावर मालाची यादी: तूर, हरभरा, सोयाबीन, जे असेल ते. एकच यादी दोनदा नाही. अट एवढीच, की कुठल्याही दोन पानांवरचा माल एकत्र लिहिला तर ती यादीही वहीत कुठेतरी असली पाहिजे. अशा वहीत एखादा तरी माल निम्म्या किंवा त्याहून जास्त पानांवर असतोच का? (कोऱ्या पानाची एकपानी वही धरू नका.) हा प्रश्न १९७९ मध्ये पीटर फ्रँकल यांनी विचारला. मूळचे हंगेरीचे, जपानात स्थायिक झालेले आणि चेंडू झेलण्याच्या कसरतीसाठीही नाव असलेले गृहस्थ. आजवर कोणाला पूर्ण उत्तर देता आलेलं नाही.

एखाद्या पानावर नुसती तूर असेल तर काम पाच मिनिटांचं. तूर नसलेलं कुठलंही पान घ्या, त्यात तूर मिळवा. अटीमुळे ते नवं पानही वहीत आहेच. वेगवेगळ्या पानांपासून वेगवेगळीच पानं होतात, म्हणजे तूर असलेली पानं तूर नसलेल्यांपेक्षा कमी असूच शकत नाहीत. संपलं. दोनच माल असलेलं पान असलं तरी त्या दोघांपैकी एक निम्म्यात बसतो. मग तीन मालांचं पान आलं की तेही जमेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. तिथे मात्र ते तिन्ही माल निम्म्याच्या आत राहतील अशी वही तयार करता येते. सरवटे आणि रेनो यांनी ती कधीचीच दाखवून ठेवली होती. आपल्याकडचं आडनाव पाहून मी तो संदर्भ मोठ्या उत्साहाने उघडला, आणि माझा महिनाभराचा मनोरा पाडणारं वाक्य त्यातच निघालं.

३. "हे तर उघडच आहे" असं लिहिलेली ओळ आधी तपासावी.

फ्रँकलचा प्रश्न लॅटिसच्या भाषेतही मांडता येतो. त्यात असा एखादा ठिपका हवा जो खालच्या दोघांच्या मेळातून झालेला नाही, आणि त्याला धरून त्याच्या वर निम्म्याहून जास्त ठिपके नाहीत. माझी युक्ती हमालांकडून उचललेली. थप्पी उतरवताना हमाल मधलं पोतं ओढत नाही. जे काढल्याने बाकीची थप्पी हलणार नाही, ते काढतो. तसाच एकेक ठिपका काढायचा, दर वेळी उरलेलं लॅटिसच राहिलं पाहिजे, उरलेल्या दोघांना वरून-खालून जोडणारे ठिपके जुनेच असले पाहिजेत, आणि शेवटी हिशेब मागून पुढे जुळवायचा. दीड वर्षात बावीस पानं झाली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: काढण्याजोगा ठिपका असतो हे उघडच आहे.

मार्गदर्शकांनी ती ओळ वाचली, पेन्सिल घेतली आणि काही न बोलता एक ठोकळा काढला. आठ कोपरे. मिरचीचे आठ प्रकार. "यातला कोणता काढतेस?" मी नुसती लाल काढून पाहिली. लाल-तिखट आणि लाल-वाळलेली यांच्या खाली दोघींना जोडणारी हीच होती, ती गेली की जोड तुटते. वरून काढलं तरी तेच, खालून काढलं तरी तेच. एकही निघेना. मजा अशी की ठोकळ्यात फ्रँकलचं म्हणणं अगदी काट्यावर खरं आहे, लालपासून वर आठातले चारच. चुकीची होती ती माझी वाट.

मग त्यांनी एक जेमतेम चार पानी लेख पुढे सरकवला. पोत्यांसारखे एकेक ठिपके उतरवता येतात अशा लॅटिसांपुरती फ्रँकलची अटकळ खरी आहे, हे विनायक जोशी, वाफारे आणि कविश्वर यांनी २०१६ मध्येच छापलं होतं. अशी लॅटिसं साखळ्या एकमेकींना जोडून कशी बांधायची, याची रचना पुण्याच्या परंपरेत त्याआधीच, २००२ मध्ये, ठाकरे, पवार आणि वाफारे यांनी मांडलेली. म्हणजे माझ्या बावीस पानांत बरोबर होतं ते जुनं होतं आणि नवं होतं ते चूक होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आपण मराठीत विचार करत ज्या जागी धडपडलो, तिथून काही माणसं नीट पार झाली आहेत आणि तीही पुण्यात बसून, याचा थोडा आनंदही झाला.

४. एक टक्क्यालाही हसू नये.

निम्मी पानं सोडा, एखादा माल एक टक्का पानांवर तरी असतोच, एवढंही चाळीस वर्षं कोणाला सिद्ध करता आलं नव्हतं. वही जाड होत गेली की हाती असलेला आकडा शून्याकडे सरकायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये जस्टिन गिल्मर यांनी तो एक टक्का मिळवला. ते तेव्हा विद्यापीठात नव्हते, गूगलमध्ये नोकरी करत होते, आणि हत्यार आणलं माहितीशास्त्रातलं, एन्ट्रॉपीचं. मग काही दिवसांतच इतरांनी तो आकडा अडतीस टक्क्यांच्या पुढे नेला. पन्नास अजून दूर आहे, आणि ही रीत जशीच्या तशी तिथवर पोचत नाही हेही कळून चुकलंय.

५. एकच उरलं म्हणजे संपत आलं, असं नव्हे.

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न वेगळाच आहे. मालाची प्रतवारी करायची, पण अशी की एका प्रतीच्या दोन ढिगांत तिसरा माल सारखाच मिसळला तर मिश्रणंही एकाच प्रतीत पडली पाहिजेत. मिसळण्याचा नियम ठरलेला असला की अशा जितक्या प्रतवाऱ्या शक्य आहेत, त्यांचंही एक लॅटिस बनतं. आता उलटं विचारा: कुठलंही सांत लॅटिस दिलं, तर हीच आकृती देणारा माल आणि नियम सापडेल का, तोही मोजक्याच ढिगांत? ढीग अनंत चालत असतील तर सापडतो, हे ग्रेट्झर आणि श्मिट यांनी १९६३ मध्ये दाखवलं. मोजक्यांत सापडतो का, हे आजही माहीत नाही. १९८० मध्ये पाल्फी आणि पुड्लाक यांनी हा प्रश्न ग्रुप थिअरीच्या दारात नेऊन ठेवला, तेव्हापासून दोन्ही घरची माणसं त्याकडे बघताहेत.

सात ठिपक्यांची लॅटिसं एकूण ५३. त्यांतल्या ५२ चं उत्तर "हो" असं मिळालेलं आहे. एक अडून बसलंय. मी बाबांना सांगितलं, बघा, फक्त एक राहिलं. त्यांनी आयुष्यभर काट्यापाशी उभं राहून पोती मोजलेली. म्हणाले, "बावन पोते मोजले म्हून त्रेपनावं मोजल्या जाते का?"

६. उत्तर "नाही" येऊ शकतं, हे लक्षात ठेवून प्रश्न धरावा.

१९४० च्या दशकात डिलवर्थ यांनी प्रतवाऱ्यांबद्दलचाच एक प्रश्न उभा केला होता. अनेकांना वाटे उत्तर "हो"च आहे, फक्त सिद्धता राहिलीय. साठ वर्षांनी फ्रीडरिख वेहरुंग यांनी "नाही" म्हणून दाखवलं.

७. सोळा.

वर एक ठिपका, खाली एक ठिपका, आणि मधे एका रांगेत काही, ज्यांची आपसात तुलना नाही. पाचव्या क्रमांकातल्या माझ्या आवडत्या प्रश्नाची ही सगळ्यांत साधी आकृती. मधे एक ते पंधरापर्यंत कितीही ठिपके असोत, उत्तर मिळालेलं आहे. सात आणि अकरा बराच काळ अडले होते, त्यांची वाट १९८३ मध्ये वॉल्टर फाइट यांनी काढली. सोळाला गाडी थांबली ती थांबलीच. जुन्या हिशेबात सोळा आणे म्हणजे पुरा रुपया, आणि इथे नेमका तोच पुरा होत नाही.

परवा बाबांच्या जुन्या काटापावतीच्या पाठीमागे मी ही आकृती काढत बसले होते. ते चष्मा लावून बाजूला आले, बोट ठेवत ठेवत ठिपके मोजले, आणि म्हणाले, "अठरा हायेत."

मी म्हटलं, वरचा आणि खालचा धरत नाहीत, नाव मधल्यांवरून पडलंय.

"काऊन धरत नाही?" त्यांनी पावती उलटी केली, पुढच्या बाजूचं वजन वाचलं, पुन्हा पालथी केली आणि पहिल्यापासून मोजायला लागले.