इंजिनाचे तेल : खप आणि दाब यांवरून तुलना कशी करावी

शेतीकामात ट्रॅक्टर व डिझेल इंजिने यांचा प्रसार झाल्यापासून बैलांच्या वैरणीइतकीच इंजिनाच्या तेलाचीही काळजी शेतकऱ्यास वाहावी लागते. बाजारात साधे खनिज तेल, अर्धसिंथेटिक तेल व सिंथेटिक तेल असे तीन प्रकार मिळतात. सिंथेटिक तेल घातले की इंजिन तेल खाण्याचे थांबते व तेलाचा दाब वाढतो, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. झिजलेले इंजिन तेल बदलल्याने बरे होत नाही. फार तर त्याचा दोष काही दिवस झाकला जातो, आणि झाकलेला दोष नेमका पेरणीच्या घाईत उघडा पडतो. म्हणून तेलांची तुलना कशी करावी, हे ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तेलाचे प्रकार व डब्यावरील आकडे

खनिज तेल हे कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. सिंथेटिक तेलांपैकी काही पॉलिअल्फाओलेफिन यासारख्या रासायनिक रीतीने घडविलेल्या द्रव्यांपासून बनतात, तर काही खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून तयार होतात. दोहोंच्याही डब्यावर ‘सिंथेटिक’ हाच शब्द असू शकतो. म्हणून त्या एका शब्दावर भिस्त ठेवू नये.

डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा थंडीतील वर्तन दाखवितो व दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा दाखवितो. ४० या वर्गातील तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असतो. ३० या वर्गाचा ९.३ ते १२.५ असतो. यावरून दिसेल की, एकाच वर्गातील दोन तेलांतही बराच फरक असू शकतो. ‘५डब्ल्यू’ तेलाचा क्रँकिंगचा कस उणे ३० अंशांस व ‘१५डब्ल्यू’ तेलाचा उणे २० अंशांस पाहतात. निफाडकडील कडाक्याच्या थंडीतही पारा इतका खाली जात नाही. तेव्हा केवळ पहिला आकडा लहान आहे एवढ्यासाठी आपल्याकडे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दाब म्हणजे काय ?

तेलाचा पंप तेल पुढे ढकलतो. ते बेअरिंगांच्या फटींतून वाहताना जो अडथळा होतो, त्यामुळे दाब उत्पन्न होतो. तेल दाट असेल किंवा फट लहान असेल, तर दाब अधिक दिसतो. तेल पातळ झाले किंवा बेअरिंग झिजून फट वाढली, तर दाब उतरतो. दाब मर्यादेपलीकडे गेल्यास पंपाजवळील झडप उघडून जादा तेल परत चेंबरमध्ये सोडते. म्हणून अधिक दाब म्हणजे अधिक चांगले वंगण, असे समजू नये. फार दाट तेलाने काटा वर चढतो, परंतु सकाळी इंजिन सुरू होताना तेच तेल बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते.

दोन तेलांच्या दाबाची तुलना करताना इंजिन सारखेच तापलेले व सारख्याच फेऱ्यांवर असले पाहिजे. सकाळचा थंड इंजिनातील दाब व दुपारी नांगरटीनंतरचा दाब यांची तुलना निरर्थक होय.

तेल कोठे जाते ?

तेल पुढील वाटांनी कमी होते :

१. झिजलेल्या किंवा चिकटलेल्या रिंगांमधून वर जाऊन जळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

२. व्हॉल्व्हच्या गाईडमधून किंवा टर्बोच्या सीलमधून जाते.

३. पॅकिंग व ऑईल सील यांतून गळते. इंजिन उभे राहते त्या जागी जमिनीवर डाग पडतात.

४. उष्णतेने वाफ होऊन उडते.

यांपैकी चौथ्या वाटेवरच सिंथेटिक तेलाचा निश्चित उपयोग होतो. प्रयोगशाळेत तेल २५० अंशांवर एक तास तापवून किती टक्के उडाले ते पाहतात. चांगल्या सिंथेटिक तेलाची ही घट साध्या तेलापेक्षा कमी असते. उष्णतेने विटण्यासही ते अधिक प्रतिकार करते. परंतु झिजलेली रिंग, फाटलेले सील किंवा धूळ आत घेणारी हवेची गाळणी यांवर कोणत्याही तेलाचा इलाज नाही. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या धुळीत गाळणी अस्वच्छ राहिली, तर महाग तेल घालूनही रिंगा झिजणारच.

दोन्ही लक्षणे एकत्र वाचावीत

खप अधिक व दाब ठीक असेल, तर गळती, रिंगा, व्हॉल्व्ह व हवेची गाळणी तपासावी. खप अल्प पण तापल्यावर दाब कमी असेल, तर बेअरिंग, पंप, झडप किंवा चुकीच्या वर्गाचे तेल यांचा संशय घ्यावा. खप व दाब दोन्ही बिघडले असतील, तर इंजिन उघडून पाहण्याची वेळ आली असे समजावे.

सर्वांत फसवे लक्षण निराळेच आहे. तेलाची पातळी मुळीच उतरत नाही, उलट वाढते, आणि दाब मात्र घसरतो. ‘इंजिन तेल खात नाही’ म्हणून मालक समाधान मानतो; वस्तुतः तेलात डिझेल उतरत असते. तेल पातळ होऊन बेअरिंग जळण्याचा धोका असतो. तेलास डिझेलचा वास येत असल्यास इंजिन बंद ठेवून दोष शोधावा. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी शिरले आहे असे जाणावे.

शेतावरील चाचणी

तुलना एकाच इंजिनावर व एकाच वर्गाच्या दोन तेलांची करावी. जुने तेल इंजिन गरम असताना काढून नवीन गाळणी बसवावी व वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे. तासदर्शकाचा आकडा वहीत लिहावा. रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टीवर पातळी पाहावी. भर घालावयाची ती त्याच तेलाची व मापाने मोजून घालावी. दाबाचा मीटर असल्यास एक तास काम झाल्यावर ठरावीक फेऱ्यांवरचा दाब लिहावा. पूर्ण मुदत संपल्यावर दुसरे तेल घालावे व शेवटी पुन्हा पहिले तेल वापरून पाहावे. अन्यथा ऋतूचा किंवा कामाचा फरक तेलाच्या नावावर जमा होतो.

समजा, चेंबरमध्ये ७ लिटर तेल मावते. २०० तासांत पहिल्या तेलाची २ लिटर भर लागली, म्हणजे खप ताशी १० मिलिलिटर झाला. दुसऱ्याची १.६ लिटर लागली, म्हणजे ताशी ८ मिलिलिटर. पहिल्याचा भाव लिटरला ३०० रुपये व दुसऱ्याचा ६०० रुपये धरल्यास एकूण खर्च अनुक्रमे २,७०० व ५,१६० रुपये होतो. खप घटला, पण खर्च वाढला. केवळ खपाच्या बचतीतून महाग तेलाची भरपाई होत नाही, हे या नमुन्याच्या हिशेबावरून ध्यानात येईल. टर्बो असलेल्या व सतत जड ओढीच्या इंजिनास सिंथेटिक तेलाचे इतर लाभ मिळू शकतात. तेथे निर्णय वेगळा होईल. तथापि, महाग तेल आहे म्हणून बदलण्याची मुदत आपल्या मनाने वाढवू नये. काजळी, धूळ व डिझेल ही त्यातही साचतातच.

सारांश, इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेला वर्ग व दर्जा प्रथम पाहावा, तेलाचा प्रकार त्यानंतर ठरवावा. ग्रामकार्यकर्त्याने गावातील प्रत्येक ट्रॅक्टरमालकास एक वही ठेवण्यास शिकवावे. तास, भर व दाब या तीन रकान्यांची ती वही मृगापूर्वीच दोष दाखवून देईल, आणि दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकून इंजिन पेरणीस सज्ज राहील.